बाबांनी ऐकलेली ‘प्लेसमेंट’

पत्र थोडक्यात: चारकोपच्या म्हाडा वसाहतीतली एक मुलगी लिहिते. वय अठरा, बारावी आर्ट्स, मार्क चांगले. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने इंग्रजी साहित्य आणि इतिहास अशा जोडविषयांच्या चार वर्षांच्या बीएला प्रवेश देऊ केला आहे. त्यातलं तिसरं वर्ष ‘प्लेसमेंट इयर’. इकडे दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या कॉलेजातही एफवायबीएला नंबर लागलाय. बाबा खासगी कंपनीत अकाउंट्सला, निवृत्तीला सात वर्षं. ‘बीए करायला परदेशात कशाला?’ असं आत्याने विचारलं तेव्हा बाबांनीच तिला गप्प केलं, ‘अगं, प्लेसमेंट आहे त्यात!’ घर तारण ठेवून ६० लाखांचं कर्ज काढायचं ठरतंय. मागच्या आठवड्यात मुलीने विद्यापीठाची कागदपत्रं नीट वाचली, तेव्हा लक्षात आलं की ते काम विद्यापीठ देत नाही, ज्याचं त्याने मिळवायचं असतं. हे अजून घरी सांगितलेलं नाही. अनामत भरायला तीन आठवडे उरलेत. ती विचारते, ‘जाऊ की नको? इथे राहिले तर शेवटी एमपीएससी नाहीतर बीएड, याची भीती वाटते.’ सहीच्या जागी लिहिलंय, ‘एक खोटारडी’.

आधी ती सही खोड. तू खोटं बोललेली नाहीस. घरात एक शब्द आला, त्याचा तू एक अर्थ लावलास आणि बाबांनी दुसरा. मुंबईत ‘प्लेसमेंट’ म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? इंजिनीअरिंग कॉलेजात कंपन्या येतात, पोरं इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत बसतात आणि कोणाला किती लाखांचं पॅकेज लागलं ते संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर येतं. बाबांनी ऐकली ती ही प्लेसमेंट. ब्रिटिश विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली प्लेसमेंट म्हणजे शिक्षणाच्या मध्येच एक वर्ष कुठेतरी काम करायचं आणि परत वर्गात येऊन बसायचं. आपल्याकडे त्याला चांगला जुना शब्द आहे, उमेदवारी. ‘मुलगी तिकडे एक वर्ष उमेदवारी करणार, तीही मिळाली तर’, हे वाक्य आत्यापुढे म्हणून बघ. ती काय म्हणेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

गैरसमज तुझा नाही. पण गेले आठ दिवस तू तो जपून ठेवला आहेस. त्याकडे शेवटी येते.

हे कामाचं वर्ष निघालं कुठून, ते कळलं तर बाकीचं समजायला सोपं जाईल. तिकडे याला ‘सँडविच’ अभ्यासक्रम म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार रुजला तो इंजिनीअरिंगच्या मुलांमध्ये. कारखान्याला हात हवे होते, कॉलेजला कारखाना हवा होता, दोघांचं जमलं. आजही इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर, अकाउंट्स अशा विषयांत ते बरं जमतं, कारण मोठ्या कंपन्या दरवर्षी अशा जागा काढतात. साहित्य-इतिहासाच्या मुलांसाठी अशी ठरलेली वाट नसते. ही मुलं मार्केटिंगमध्ये जातात, एचआरमध्ये जातात, शाळांत मदतनीस होतात, एखाद्या धर्मादाय संस्थेच्या ऑफिसात बसतात. संग्रहालय आणि प्रकाशन संस्था सगळ्यांनाच हव्या असतात आणि तिथल्या जागा मोजक्या. विद्यापीठाचा करिअर विभाग बायोडेटा तपासून देतो, मुलाखतीची तालीम घेतो, जाहिराती पाठवतो. अर्ज तुझा, नकार तुझा. आणि ही धावपळ दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच चालू होते. म्हणजे तू तिथे जाऊन जेमतेम वर्ष झालेलं असेल.

माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंखाली न छापलेल्या काही गोष्टीही ऐक. ब्रिटनच्या कायद्यात पदवीचा भाग म्हणून केलेल्या वर्षभरापर्यंतच्या कामाला किमान वेतनाचा नियम लागू नाही. पगार देणारे पुष्कळ आहेत, पण दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि पुस्तकं-संग्रहालयं या हौसेच्या क्षेत्रांत फुकट राबायला तयार असलेली मुलं सगळीकडेच सापडतात. दुसरं, फी. तिथल्या स्थानिक मुलांना त्या वर्षी नेहमीच्या फीच्या फार तर २० टक्के भरावे लागतात. बाहेरून आलेल्यांना ही मर्यादा नाही, प्रत्येक विद्यापीठाचा आकडा वेगळा. तिसरं, व्हिसा. काम मिळालं नाही तर मुलांना सहसा तीन वर्षांच्या साध्या अभ्यासक्रमात वळवतात. स्थानिक मुलीला त्याने एवढाच फरक पडतो की ती वर्षभर आधी पास होते. तुझ्या बाबतीत विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं आणि व्हिसाची मुदतही मागे येते. शिवाय विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. म्हणजे चार लेख लिहून, दोन भाषांतरं करून मानधन घेऊ असा विचार असेल, तर ती वाटही बंद.

आता पैसे. तू फी लिहिली आहेस वर्षाला १८ हजार पौंड. तीन वर्षांचे ५४ हजार. राहण्या-जेवण्याला व्हिसा खातंच लंडनबाहेर महिन्याला ११०० पौंडांच्या वर धरतं. तीन वर्षांचे ४० हजार झाले. आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या वेळीच भरायचा. विमान, गरम कपडे हे वेगळं. प्लेसमेंटच्या वर्षात तू स्वतःचं पोट स्वतः भरलंस असं मानलं, तरी आकडा लाख पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे एक कोटीच्या पुढे. कर्ज ६० लाखांचं, उरलेले ‘बाबांच्या पीएफमधून’ असं तू अर्ध्या ओळीत उरकलंयस. ती अर्धी ओळ मी दोनदा वाचली.

६० लाख, १० टक्के व्याज, १५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण साडेचौसष्ट हजार. शिकतानाचं साचलेलं व्याज मी धरलेलंच नाही. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष अशी सवलत मिळते, म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा बाबांच्या नोकरीची दोन वर्षं उरलेली असतील. पुढची तेरा वर्षं तुझी. आणि शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी शोधायला जो व्हिसा मिळतो, त्याची मुदत २०२७ पासून दोन वर्षांवरून दीड वर्षावर येते आहे. बाबा अकाउंट्सला आहेत. त्यांनी हा हिशेब कागदावर मांडला नसेल यावर माझा विश्वास नाही. मांडला असेल, आणि खाली ‘प्लेसमेंट’ अशी जमेची एक नोंद धरून तो जुळवला असेल.

एवढं वाचून तुला वाटेल, या बाई ‘जाऊ नको’ म्हणणार. थांब जरा. मला खटकलंय ते वेगळंच आहे.

तुझ्या तीन पानी पत्रात ‘प्लेसमेंट’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजले. एकाही पुस्तकाचं नाव नाही. कुठला इतिहास वाचायचाय, कुठल्या शतकातला, कोणाचा, याबद्दल अवाक्षर नाही. फक्त दुसऱ्या पानावर कंसात टाकल्यासारखी एक ओळ आहे, की आजीच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांनी लालबागहून गावी पाठवलेली पत्रं सापडली, गिरणी संपाच्या काळातली, आणि ‘तिथून मला हे सगळं आवडायला लागलं’. एका पत्रातलं वाक्यही तू उतरवलं आहेस: ‘यंदा मनीऑर्डरची वाट पाहू नये, भात विकू नये, घरात ठेवावे.’

अगं, हेच तर तुझं पत्र आहे. बाकीची अडीच पानं बाबांच्या आणि आत्याच्या भांडणाची आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यातला एक माणूस बायकोला ‘पगार बंद झालाय’ असं सरळ न लिहिता ‘भात विकू नये’ असं लिहितो. हा इतिहास आहे की साहित्य? ज्याला दोन्ही एकत्र शिकायचंय त्याने या प्रश्नापाशी अडखळायला हवं. तू अडखळलीस, आणि लगेच तो धागा सोडून नोकरीकडे पळालीस. तुझ्या डोक्यात बसलंय की हे विषय म्हणजे लाड, आणि प्लेसमेंट म्हणजे त्या लाडाची किंमत. ही समजूत आत्याची. ती तू कधी उचललीस ते तुलाही कळलं नसेल. तुझ्या विद्यापीठाच्या चार वर्षांच्या विषययादीत या पेटीच्या जवळपास जाणारं काही आहे का, ते शोध. असेल तर माझ्या पारड्यात इंग्लंडचं वजन वाढेल. नसेल तर आपण नक्की काय विकत घेतोय, हे विचार.

‘इथे राहिले तर एमपीएससी नाहीतर बीएड’ हे मी माझ्या लहानपणापासून ऐकते आहे. फक्त एमपीएससी तेव्हा एवढी गाजत नव्हती. त्या दोन्हींना नावं ठेवायची नाहीत. चांगला इतिहासशिक्षक मिळालेली मुलं नशीबवान असतात. पण वाटा तेवढ्याच नाहीत. मी स्वतः मराठी आणि इतिहास घेऊन बीए झाले आणि एका वर्तमानपत्रात तीन महिने ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून राहिले. तिथे झेरॉक्स काढले, कात्रणं चिकटवली, चहा सांगितला. शेवटी प्रमाणपत्र मिळालं की मी कामसू आहे. मग गिरगावात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागले. माडीवरची खोली, खिडकीत झेरॉक्स मशीन, टेबलाला एक पाय आखूड म्हणून खाली जुना दिवाळी अंक. पहिल्याच महिन्यात एका कादंबरीत ‘मुलगी सासरी गेली’ऐवजी ‘मुलगी सासरी मेली’ असं आलेलं माझ्या नजरेतून सुटलं. पुढच्या प्रकरणात तीच मुलगी माहेरी आंबोळ्या खात होती, तरी मला संशय आला नाही! लेखकाने ते पकडलं. मालकांनी आवाज चढवला नाही, नुसतं ते पान मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचन म्हणजे काय ते मला कॉलेजच्या तीन वर्षांत कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. पगार लाज वाटावी इतका कमी होता. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या हातात चौदा पुस्तकं होती, ज्यांचं अक्षरन्‌अक्षर मी पाहिलं होतं. पुढची प्रत्येक नोकरी मला त्या चौदांनी दिली.

उमेदवारीची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे. वर्ष संपल्यावर टेबलावर काय ठेवता येईल? प्रमाणपत्र धरत नाही.

त्या कसोटीला मुंबई कशी उतरते बघ. तुझ्या कॉलेजपासून काळा घोडा चालत गाठता येईल. तिथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, १८२१ साली सुरू झालेलं. टाउन हॉलच्या पायऱ्या चढलं की १८०४ सालची एशियाटिक सोसायटी, तिच्या ग्रंथालयासकट. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय, फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. विक्रोळीला गोदरेजचं स्वतःचं अभिलेखागार आहे, म्हणजे कंपन्यांनाही आपली दप्तरं लावून देणारी माणसं लागतात. या सगळ्यांकडे कागद भरपूर आहेत आणि ते वाचून, नोंदवून, स्कॅन करून लावणारे हात कमी. मोडीचं उदाहरण घे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे आणायचे कुठून, हा प्रश्न सरकारी कचेऱ्यांना पडला होता. जी लिपी शिकण्याला लोक हौस म्हणत होते, तिला एकदम भाव आला. तू एफवायला असतानाच शनिवार-रविवार मोडी शिकायला लाग. आजोबांच्या पत्रांना ती लागणार नाही, पणजोबांच्या सातबाऱ्याला लागेल.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र समजू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडेही तिसऱ्या वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलंय. पण ते चार क्रेडिटांचं, म्हणजे १२० तासांच्या आसपास. पूर्ण वेळ काम केलं तर तीन-चार आठवडे. एवढ्यात माणसाला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात तेवढं कळतं. कित्येक कॉलेजांत तो कागदी सोपस्कारच होतो. कोणीतरी ओळखीचं शिक्का मारून देतं आणि मार्क मिळतात. म्हणून वर्षाची उमेदवारी तुला स्वतःच घडवावी लागेल. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि चौथं ऑनर्सचं वर्ष ऐच्छिक आहे, ही फट वापर. तीन वर्षं शिक, मग एक सबंध वर्ष काम कर. पगार आठ-दहा हजार असेल, कदाचित त्याहून कमी. कांदिवली-चर्चगेट पास आणि डबा घरचा, म्हणून ते परवडेल. हे फुकट नाही. फक्त इथे तोट्याचा आकडा घर गहाण टाकण्याएवढा होत नाही.

आणि मग इंग्लंड. तिथली अनेक विद्यापीठं आपल्या तीन वर्षांच्या बीएवर एका वर्षाच्या एमएला घेतात. एका वर्षाचा खर्च तुझ्या आजच्या हिशेबाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिष्यवृत्त्यांची मोठी दारं पदवीनंतरच उघडतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. मुंबईतच १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. राज्य सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्याही मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. बीएसाठी कोटी खर्च करून बसलेल्या मुलीच्या हातात पुढच्या या वाटांसाठी काही उरत नाही.

तरीही आत्ताच जायचं असेल तर? जाणारे जातात आणि काहींचं फार चांगलं होतं. मी तुला नाही म्हणणार नाही, पण आज रात्री विद्यापीठाला एक मेल टाक. मागच्या दोन वर्षांत याच अभ्यासक्रमाच्या किती मुलांना प्लेसमेंट मिळाली? सगळ्या विद्यापीठाचा आकडा देतील, तो घेऊ नकोस. त्यांतली बाहेरच्या देशांतली किती? कुठे मिळाली, पगारी किती? त्या वर्षी माझी फी किती? काम न मिळाल्यास कोणत्या तारखेला निर्णय होतो आणि तेव्हा व्हिसाचं काय? प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? शेवटचा प्रश्न विसरू नकोस. बरीच विद्यापीठं हे करू देतात, आणि तुझी अर्धी घाई त्यानेच जाईल. उत्तर आकड्यांत आलं तर विचार करण्यासारखं आहे. ‘आमचे विद्यार्थी विविध क्षेत्रांत चमकत आहेत’ असं आलं तर तेही उत्तरच आहे.

माझा कल विचारशील, तर घर गहाण ठेवू नये. मुंबईतली जागा पक्की करावी, आणि कॉलेज सुरू होईपर्यंतच्या दिवसांत ती पेटी उघडून बसावं. पत्रांना क्रमांक दे, तारखा लाव, टपालाचे शिक्के वाच, न लागलेले शब्द आजीला विचार. आजी आहे तोवर विचार. एका वहीत पन्नास नोंदी झाल्या की तुला कळेल, हे काम वर्षभर करायला आवडेल की कंटाळा येईल. कंटाळा आला तर तेही आत्ताच, आजीच्या खाटेवर बसून कळलेलं बरं.

आणि बाबा. ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ असं म्हणून त्यांना घाबरवू नकोस, आणि रडूही नकोस. कागदपत्रांतलं ते प्लेसमेंटचं पान घे आणि त्याचं मराठी भाषांतर कर, हाताने, स्वच्छ अक्षरात. शब्द गाळू नकोस, मऊही करू नकोस. ते पान बाबांना रात्री जेवणानंतर वाचायला दे आणि समोर बसून राहा. हिशेब त्यांना येतो, पुढचं ते करतील. ‘सब्जेक्ट टू’ हे दोन शब्द त्या पानावर चारदा आलेत असं तूच लिहिलंयस. त्यांचं मराठी करताना ‘च्या अधीन’ लिहून सुटू नकोस. ‘मिळालं तर’ असं लिही.